लाडवात थेंबभर दारू नव्हती

ज्याच्या घरात पिणारं माणूस आहे, त्यानं हे वाचावं. पिणाऱ्यानंही वाचावं, पण तो वाचणार नाही हे मला ठाऊक आहे. मीही वाचलं नसतं. या कागदाची पुडी करून त्यात फुटाणे बांधून घेतले असते, प्यायला बसताना बरे पडतात म्हणून. तेव्हा हे मी बायकांसाठी, भावांसाठी, म्हाताऱ्या आयांसाठी लिहितो आहे. त्यांनी ते मोठ्यानं वाचावं, तो ओसरीवर पडलेला असेल तेव्हा. पडलेल्या माणसाला सगळं ऐकू येतं, बरं का. तो उत्तर तेवढं देत नाही.

मी सोमाजी. सालेकशाकडच्या एका लहान गावचा पाणकर. गावच्या तलावाचं पाणी कोणाच्या बांधीत केव्हा सोडायचं आणि केव्हा बंद करायचं, हे पाहणारा माणूस म्हणजे पाणकर. बांधी म्हणजे धुरे, मातीचे बांध, घालून केलेलं धानाचं वावर. भादव्यात पाऊस दडी मारून बसला की सगळा गाव माझ्या मागं, आणि धान कापून झालं की मी रिकामा. त्या रिकामपणातही प्यायचो आणि कामातही प्यायचो, तेव्हा रिकामपणाला उगाच दोष देत नाही.

लोक विचारतात, "काऊन लागली गा तुले?" काय सांगू? नाटकात असतं तसं काही झालं नव्हतं. कोणी मेलं नव्हतं, कोणी फसवलं नव्हतं. आमच्याकडे लग्नाला मोहाची दारू, मंडईला, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेला, मोहाची, पाहुणा आला तर मोहाची. सगळे प्यायचे तसा मीही प्यायलो. मग बाकीचे थांबले आणि मी राहिलो. इतकंच झालं.

मुंग्या

माघाचे दिवस होते. आमचा भाग नुकताच मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेला होता. राज्य बदललं, मी काही बदललो नव्हतो. मला ताप आला. माझ्या बायकोनं, भागरतानं, दाराला बाहेरून कडी लावली. तापात दारू नाही, म्हणाली. म्हणाली म्हणजे मला नव्हे, गाईला. ती माझ्याशी बोलणं सोडून बसली होती. जे काय सांगायचं ते अंगणातल्या गाईला सांगायची. "जेवाचं असन त जेवा म्हणा त्याईले." "धोतर धुतलं म्हणा, वाळत घातलं." गाय बिचारी कान हलवायची आणि मी ऐकायचो. असा आमचा संसार चालला होता.

ताप उतरला, पण दारूचा थेंब न मिळाल्यानं एका सकाळी भिंतीतून मुंग्या निघाल्या. काळ्या, ओळीनं, माझ्या खाटेकडं.

"भागरता, मुंग्या झाड!"

ती धावत आत आली. भिंत पाहिली, खाट पाहिली, मग माझ्याकडं पाहिलं. मुंगी एकही नव्हती.

शेजारची काशीबुढी दारातून डोकावली आणि म्हणाली, "भूत लागलं वं पोरी याले."

"याले भूत कायले लागन?" भागरता म्हणाली. "वासानंच पळून जाईन."

मला हसू आलं. मुंग्या अंगावर चढत होत्या तरी हसू आलं, आणि हसता हसताच दातखीळ बसली, हातपाय ताठ झाले. त्यापुढचं मला आठवत नाही. बैलगाडीत घातलं, स्टेशनवर नेलं, पॅसेंजरच्या डब्यात बाकाखाली निजवून गोंदियाला आणलं म्हणतात. भागरता सगळी वाट माझं डोकं मांडीवर घेऊन बसली होती, हे मला दुसऱ्यांनी सांगितलं. तिनं नाही.

एक गोष्ट इथंच सांगून ठेवतो, कारण ती आम्हाला कोणी सांगितली नव्हती. फार पिणाऱ्या माणसाची दारू घरच्या घरी एकदम तोडू नये. त्यात जीवही जातो. डॉक्टरला विचारून सोडावी.

दवाखान्यात पूर

दवाखान्यात मुंग्या गेल्या आणि पाणी आलं. मी पाणकर ना! माझ्या डोक्यानं माझ्या धंद्यातलंच भय शोधून काढलं. तलावाच्या पाळीतून, म्हणजे बांधातून, पाणी सोडायची जी मोरी असते तिला आम्ही तुडूम म्हणतो. तर मला वाटलं, तुडूम फुटलं आहे आणि पाणी वॉर्डात शिरतं आहे. खाटेचे पाय बुडाले, माणसं झोपून आहेत, कोणी उठत नाही. मी ओरडत सुटलो. शेजारच्या खाटेवर रेल्वेचा खलासी होता, जगदीश, पाय मोडलेला. त्याची घोंगडी ओढून घेतली आणि वॉर्डाच्या न्हाणीची मोरी तिनं गच्च बुजवली.

"अरे भाई, मेरा कंबल!" तो खाटेवरूनच ओरडला.

"तुझा जीव वाचवून राहिलो मी!" मी म्हणालो. खरंच वाचवत होतो हो. तसं भय मी आयुष्यात कधी भोगलं नाही. आज सांगताना हसतो, पण त्या वेळी मी रडत होतो.

मग दोघा वॉर्डबॉयनी धरलं, सिस्टरनं सुई टोचली, धोतरानं खाटेला बांधलं. पुढं कितीतरी वेळ झोपलो. जाग आली तेव्हा ऊन खिडकीतून पायांवर पडलं होतं आणि जमीन कोरडी होती. कोरडी जमीन पाहून एवढा आनंद पाणकराला कधी झाला नसेल.

गडवा घेऊन

डॉक्टरसाहेब नागपूरकडचे. जाड भिंगाचा चष्मा, आवाज खरखरीत, पण हात मऊ. त्यांनी भागरताला बोलावलं आणि माझ्या खाटेशी उभं केलं.

"याला आजार आहे," ते म्हणाले. "मेंदूचा."

भागरतानं पदर सावरला. मला वाटलं रडेल. तिनं कंबरेवर हात ठेवले.

"आजार? साहेब, आजार का मानूस गडवा घेऊन आनाले जाते?"

गडवा म्हणजे तांब्या, मी दारू आणायला न्यायचो तो. सिस्टर हसली, जगदीश हसला, डॉक्टरसाहेबांनाही हसू आवरेना. मी मात्र तोंड फिरवलं. खरं सांगतो, मलाही तिचंच पटलं होतं. मी स्वतःला नालायक समजत होतो. नालायक असणं सोपं असतं, त्यात करण्यासारखं काही नसतं.

"बाई," डॉक्टर म्हणाले, "पहिल्यांदा तो गडवा घेऊन गेला ते आपल्या खुशीनं. आता खुशी उरली नाही. रोज रोज दारू मिळून याच्या डोक्याची घडी बदलली. तहान लागली की पाणी हवं वाटतं ना? याचं डोकं तशीच दारू मागतं. लोक म्हणतात मन घट्ट कर. अहो, मन जिथं असतं तिथंच आजार झालाय. मोडलेल्या पायाला धाव म्हणायचं, तसं ते."

"पाय मोडला है तो मेरा," जगदीश म्हणाला, "दौडाना है तो इसको दौडाओ."

डॉक्टर माझ्याकडं वळले. "आजार तुझा दोष नाही, पण औषधपाणी तुलाच करायचं आहे. सुईनं मुंग्या जातील, ओढ जाणार नाही. ती निजेल. वासानं उठेल, चवीनं उठेल, जुन्या दोस्ताच्या हाकेनं उठेल. उठली की वाटेल, आता पिलो नाही तर मेलो. मरत नाही माणूस. थोड्या वेळानं ती आपसूक बसते. तेवढा वेळ पाय हलू द्यायचे नाहीत, बस."

आणि भागरताला म्हणाले, "त्या वेळी याचे पाय धरून ठेवा. खायला गोड काहीतरी द्या."

हे दोन्ही उपदेश भागरतानं किती मनावर घेतले, ते पुढं येईलच.

कप

दवाखान्याचे दिवस एकसारखे. सकाळी झाडू, मग फिनेलचा वास, मग चहा, मग सुई, मग भात आणि पातळ वरण. दुपारी भागरता यायची, गोंदियाजवळ कुडव्याला तिच्या नात्यातल्या बाईकडं उतरली होती. डब्यात आंबील आणायची. डबा माझ्यापुढं ठेवायची आणि बोलायची जगदीशशी. गाय नव्हती ना तिथं! जगदीशला आमची बोली अर्धी कळायची, तरी तो गाईपेक्षा चांगली मान डोलवायचा.

माझे हात थरथरायचे. चहाचा कप बशीवर असा वाजायचा की पलीकडचे रोगी जागे व्हायचे. कपातला निम्मा चहा सदऱ्यावर. मला लाज वाटायची. जगदीशनं त्या लाजेचा तमाशा करून टाकला. रोज सकाळी तो ओरडायचा, "चलो भाई, गाड़ी आ रही है!" आणि सगळा वॉर्ड कान देऊन ऐकायचा, आज कप किती वाजतो ते. खडखडखड! "मालगाड़ी!" पुढं पुढं वाजणं कमी झालं. "पैसेंजर!" आणि एका सकाळी मी कप उचलला, ओठाला लावला, प्यायलो आणि खाली ठेवला. आवाज नाही.

सगळ्या माना माझ्याकडं वळल्या.

"मेल निकल गई!" जगदीश ओरडला. "रुकी ही नहीं!"

मोडक्या पायाचा तो माणूस खाटेवर टाळ्या पिटत होता. दम्याचा म्हातारा खोकता खोकता हसत होता. सिस्टरनं मला आणखी एक कप चहा दिला, कोणाला न विचारता. तो चहा! आत्तापर्यंत मी चहा सदऱ्याला पाजत होतो, त्या दिवशी मला त्याची चव कळली. आल्याचा होता. तो प्यायल्यावर मला फार जगावंसं वाटलं.

दवाखान्यातून सुटी मिळाली त्या दिवशी भागरता माझं गाठोडं बांधता बांधता जगदीशला म्हणाली, "भाऊ, सांगून ठेवा त्याईले. मोह वेचून होयेपर्यंत पाहीन मी. मंग माहेरून, चोरखमाऱ्याहून, माह्या भाऊ खाचर घेऊन येईन. पेले असन त मी खाचरात बसीन, परत नाई येणार. आजारबिजार मले मालूम नाई."

जगदीश गंभीर झाला. "सुन लिया?" त्यानं मला विचारलं.

ऐकलं होतं. बैलगाडीची ती दोन चाकं त्या घडीपासून माझ्या छातीवर होती.

मोहाचा हंगाम

ज्यांनी झाडीचा मुलूख पाहिला नाही त्यांना कसं सांगू, की फागुनात आमच्याकडे मोहापासून दूर जाता येत नाही. पहाटे फुलं गळतात, पांढुरकी, रसानं टंच. बाया झाडाखालची जागा झाडून ठेवतात, टोपल्या भरभरून आणतात आणि अंगणात वाळत घालतात. घराघरापुढं मोह. रस्त्यावर मोह. वाळला की मनुकांसारखा दिसतो. तो भाजून खातात, उकडून खातात, बैलांना घालतात. आमच्या गावात मोह नाही वेचला तर आषाढात चूल थंड राहते. त्यामुळं भागरतानं वेचला.  मी नको म्हणणार कुठल्या तोंडानं?

मी दिवसभर तलावाच्या पाळीवर काढायचो, पाळीतली उंदरांची बिळं बुजवत. तिथं वारा पाण्यावरून यायचा. तिथं बरं वाटायचं. लखन, माझा जुना सोबती, ज्याची भट्टी नाल्यापलीकडे होती, तो एकदा पाळीखालून हाक मारून गेला. मी पाय हलवले नाहीत. मला स्वतःचाच अभिमान वाटला. म्हटलं, झालो मी बरा!

दोन लाडू

त्या दुपारी मी घरी आलो तर भागरता ओसरीवर थाळी घेऊन बसलेली. चेहरा हसरा. किती दिवसांनी मी तो हसरा पाहत होतो! थाळीत लाडू.

"डॉक्टरनं गोड द्या सांगितलं म्हणा," ती गाईला म्हणाली. "केले म्हणा गोड. खावा म्हणा."

आमच्याकडे गोड म्हणजे काय? पोराला, पाहुण्याला, बाळंतिणीला, सगळ्यांना एकच गोड. वाळलेला मोह भाजायचा, जवस भाजायचा, दोन्ही कुटायचं आणि लाडू वळायचे. तिच्या मनात दुसरं काही आलंच नाही. माझ्याही नाही आलं, हे विशेष. मी एक खाल्ला. भाजलेल्या जवसाचा खमंग वास, मोहाची गोडी. वाहवा! दुसरा उचलला. ती समोर बसून पाहत होती, तिनंही एक घेतला. किती दिवसांनी आम्ही एका थाळीतून खात होतो.

दुसरा लाडू अर्धा झाला आणि डोक्यात कोणीतरी उठून बसलं.

तोंडाला पाणी सुटलं, ते लाडवासाठी नव्हे. छाती धडधडायला लागली. तळहात ओले झाले. मी पाहतो तर माझा उरलेला लाडू थरथरत होता, दवाखान्यातल्या कपासारखा. आणि माझे पाय, माझेच पाय, ओसरीवरून खाली उतरले. मला नाल्यापलीकडची भट्टी दिसत होती, अगदी तिच्या धुरासकट. आता प्यायलो नाही तर मेलो, असं वाटत होतं.

"कोटी चालले?" भागरता ओरडली. मला ओरडली, गाईला नाही.

"आलोच," मी म्हणालो. माझा आवाज मलाच ओळखू येईना.

ती धावत आली, समोर आडवी झाली. "सोंग करून रायले का? लाडवात दारू आहे का? माह्या हातानं केला! थेंब नाई त्याच्यात!"

"मला ठाऊक आहे, थेंब नाही," मी म्हणालो आणि रडायला लागलो. "भागरता, मला धर. मी चाललो बघ."

ती थांबली. माझ्या कपाळावरचा घाम पाहिला, हात पाहिले. मग आपल्या हातांकडं पाहिलं. जवसाच्या तेलानं चिकट झालेले तिचे हात शांत होते.

"मी बी खाल्ला," ती हळूच म्हणाली. "त्याच थाळीतला. मले काऊन काई होऊन नाई रायलं?"

 तिला माझं उत्तर नकोच होतं. ते तिला समोर दिसत होतं. तिनं मला खांद्याला धरून अंगणात खाली बसवलं, माझे पाय लांब केले आणि काय करावं? त्या पायांवर स्वतःच बसली! डॉक्टरनं पाय धरून ठेवायला सांगितलं होतं, तिनं बसून धरले. आणि भागरता काही काडी नव्हती हो.

काशीबुढी धावत आली. "काय झालं वं? देव आला का आंगात?"

"देव नाई आला, आजार आला," भागरता म्हणाली. "बसा तुमी बी. गोष्टी सांगा."

काशीबुढी बसली. तिच्या सुना बसल्या. गलका ऐकून लखनही आला, तोंडाला त्याच्या वास येत होता. "तू तिकडं, गोठ्यापल्याड," भागरतानं त्याला हाकललं, आणि तो गरीब माणूस खरंच गोठ्यापलीकडं जाऊन बसला. काशीबुढीनं आपल्या लग्नातली गोष्ट काढली, नवरदेवाच्या घोड्यानं मांडवातला भात कसा खाल्ला ती. गोष्ट लांबतच गेली. घोड्यानं आधी भात खाल्ला, मग वरण, मग सासऱ्याचा फेटा. माझं सगळं अंग ओढत होतं आणि पाय मात्र हलत नव्हते. हलणार कसे?

आणि मग फेट्यापाशी कधीतरी मी हसलो. हसलो आणि लक्षात आलं, की भट्टी दिसेनाशी झाली आहे. छाती शांत आहे. समोर नुसतं अंगण आहे, ऊन आहे, आणि माझ्या पायांवर माझी बायको आहे.

"गेली का?" तिनं विचारलं.

"गेली."

"पक्की?"

"पक्की. आता ऊठ, पाय मेले माझे."

सगळ्या बाया अशा हसल्या की गाय दावं तोडायला निघाली. मला इतकं हलकं वाटत होतं. डॉक्टर म्हणाले होते ती बसते, आणि ती बसली! गोठ्यापलीकडून लखन ओरडला, "मंग घोड्याचं काय झालं?"

वारा कुठून येतो

दुसऱ्या सकाळी काशीबुढी रस्त्यावर उभी राहिली, बोट ओलं करून वर धरलं. "वारा कोटून येते गा?" वारा मावळतीकडून येत होता. तिनं आपल्या अंगणातला मोह टोपलीत भरला आणि उगवतीच्या खळ्यावर नेऊन पसरला, वास आमच्याकडं येऊ नये म्हणून. मागून तिच्या सुना गेल्या. मग आमच्या ओळीतलं घर न घर गेलं. कोणी सभा घेतली नाही, कोणी मला काही म्हटलं नाही. भागरतानं आमचा वाळलेला मोह पोत्यात शिवून गोठ्याच्या माळ्यावर टाकला. ज्या गावात जो तो आपल्या फुलावर डोळ्यात तेल घालून बसतो, त्या गावानं माझ्यासाठी आपला मोह दूर नेला. मी पाळीवर जाऊन एकटाच खूप रडलो आणि मग गाणं म्हटलं.

ओढ पुन्हा आली नाही असं नाही. आली. आजही येते, कधी लग्नघरी, कधी उगाच. मी चारचौघांत सांगतो, "आली रे आली," आणि बसून घेतो. लोक घोड्याची गोष्ट काढतात. भागरता मात्र लाडवाच्या दुसऱ्याच दिवसापासून पुन्हा गाईशी बोलायला लागली होती. सवय अशी सुटत नाही, हे मी तिला कसं सांगणार?

खाचर

वैशाखात मोह संपला आणि तिचा भाऊ बळीराम खाचर घेऊन दारात आला. ठरलं होतं तसं. बैल सोडले नाहीत, पाणी घेतलं नाही. "चाल बाई," म्हणाला.

मी अंगणात हंडा घेऊन उभा होतो. प्यायलो नव्हतो. पण इतक्या वर्षांचं काय? ती जाईल तर तिला कोण नावं ठेवणार? 

भागरता आत गेली. बाहेर आली ती मोहाचं पोतं ओढत. "धर," तिनं बळीरामला सांगितलं. दोघांनी पोतं खाचरात टाकलं. मग दुसरं. मग तिसरं.

"अन् तुवं गाठोडं?" बळीरामनं विचारलं.

"मावं कायचं गाठोडं? हे मोह घेऊन जाय. आमाले घरात नाई चालत. बदल्यात कोदोचे दाणे पाठव."

"अवं पन तुले न्यायले आलो मी!"

"मी कशी येऊ गा?" ती म्हणाली. "माह्या मानूस आजारी आहे घरी. आजारी मानसाले टाकून कोनी जाते का?"

बळीरामनं माझ्याकडं पाहिलं. मी दवाखान्यातून आल्यापासून चांगलाच सुटलो होतो, गाल वर आले होते, भरलेला हंडा एका हातात पेलून उभा होतो. "हा? हा आजारी?"

"डोक्याचा आहे त्याईचा आजार," भागरता म्हणाली. "तुले नाई समजनार. मी डोळ्यानं पायला."

लोक बरं झालो ऐकून आनंदतात. मी आजारी आहे हे तिच्या तोंडून ऐकून आनंदलो. हंडा हातातून सुटला, अंगणभर पाणी झालं, आणि त्या पाण्यात उभा राहून मी वेड्यासारखा हसत होतो. बळीराम मान हलवत खाचरात चढला. पोती घेऊन खाचर वळणाआड गेलं.

भागरतानं हात झटकले. गाय तिच्याकडं मान वर करून पाहत होती, तिच्या रोजच्या निरोपाची वाट बघत. भागरता तिच्या शेजारून पुढं आली आणि माझ्या तोंडाकडं पाहून म्हणाली, "चला, जेवाले बसा."